सावकाशांची सही

मंगळवारी सकाळी दहाला तो पॅच आला आणि दहा वाजून पाच मिनिटांनी माझं डोकं फिरलं.

माझं डोकं फिरायला फारसं निमित्त लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. नवरा म्हणतो, तुझ्याशी काही बोलायचं तर आधी दाराबाहेर उभं राहून सराव करावा लागतो. आणि काम मला मिळालंय ते दुसऱ्यांच्या चुका काढायचं. स्वभावाला साजेसं आहे, असं सासूबाईंचं मत.

मी कर्नेलच्या नेटवर्किंगमध्ये येणारे पॅच तपासते. कर्नेल म्हणजे कॉम्प्युटरच्या अगदी पोटातला प्रोग्राम. बाकी सगळे त्याच्या जिवावर उड्या मारतात. जगभरातले लोक त्यात दुरुस्त्या सुचवतात, म्हणजेच पॅच पाठवतात, तेही मेलवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. आम्ही ते वाचतो, खुसपटं काढतो आणि पटलं तर खाली आपलं नाव देतो. त्या नावाचा अर्थ एवढाच, की मी हे वाचलंय आणि याची जबाबदारी माझीही आहे. ऑफिसात आम्ही त्याला सही म्हणायचो.

हा पॅच फक्त सात ओळींचा होता. पाठवणारा कुठल्यातरी दूरच्या गावचा, अनोळखी. त्याच्याकडच्या मशीन दर आठ-पंधरा दिवसांनी कोलमडत होत्या आणि महिनाभर डोकं फोडल्यावर त्याला कळलं होतं, की टनेलच्या कोडमुळे मेमरी खराब होतेय. टनेल म्हणजे दोन लांबच्या मशीनमधली खाजगी वाट. ती चालू आहे ना, हे बघायला एक टायमर असतो. दर काही सेकंदांनी तो उठतो आणि टनेलच्या जागेत एक नोंद करून जातो. टनेल बंद झालं की ती जागा मोकळी करून दुसऱ्या कोणाला तरी दिली जाते. आता समजा, एका भाडेकरूने खोली सोडली, पण किल्ली राहिली त्याच्या भावाकडे, आणि भाऊ आपला नेहमीसारखा येऊन तिथे सामान टाकतोय. नव्या भाडेकरूच्या संसाराचा विचका होणारच. या गृहस्थाकडे तेच चाललं होतं. टनेल संपल्यावरही टायमर येऊन लिहून जायचा, आणि नव्या मालकाला आपलं घर कोणी बिघडवलं याचा पत्ता नसायचा.

इथवर माझी काहीच हरकत नव्हती. डोकं फिरलं ते शेवटच्या ओळीने. आमच्यात अशी रीत आहे, की चूक दुरुस्त करणाऱ्याने खाली लिहायचं, ही चूक कोणाच्या कोणत्या बदलामुळे शिरली. हेतू वाईट नसतो, जुन्या आवृत्त्यांपर्यंत दुरुस्ती पोचावी म्हणून ती ओळ. पण एकदा आत गेली की ती कोणालाही पुसता येत नाही. कोणीही, कधीही उघडून वाचावी. आणि त्या ओळीत सावकाशांचं काम होतं.

सावकाश हे काही त्यांचं नाव नव्हे. जो कोणी घाईघाईने त्यांच्या टेबलाशी यायचा, त्याला ते हाच एक शब्द ऐकवायचे, म्हणून ऑफिसने तो त्यांनाच चिकटवला. तोंडावर आम्ही सगळे सर म्हणायचो. उंच, किडकिडीत, चौकटीचा शर्ट. खिशात दोन पेनं, त्यातलं एक नेहमी बंद पडलेलं, तरी तेही खिशात. तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली आमची खोली, खाली गाड्या लावायची जागा, भिंतीपलीकडे सर्व्हरच्या खोलीतल्या एसीची दिवसभर घरघर. त्या खोलीत आता काचेची बैठकीची जागा झाली आहे. तिथे बसून लोक वेळ कसा वाचवावा यावर तासन्‌तास बोलतात.

सावकाश पॅच पडद्यावर वाचत नसत. कागदावर छापून घ्यायचे, ओळीखाली लाकडी फूटपट्टी धरायचे आणि एक ओळ वाचून झाली की पट्टी खाली सरकवायचे. पाच ओळींच्या पॅचला दोन दिवस. मध्येच कागदाशी बोलायचे, "बरं, आणि मग? हे कोणाच्या ताब्यात आहे? तो सोडून गेला तर?" नव्याने आलेल्यांना वाटायचं, ते फोनवर आहेत.

माझा पहिला पॅच चाळीस ओळींचा होता. त्यांनी चार दिवस घेतले आणि तेवीस शेरे मारून परत दिला. मी तरातरा त्यांच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले, "सर, यातल्या एकवीस शेऱ्यांनी काय फरक पडतो?" त्यांनी शांतपणे खुर्ची पुढे केली. "बस. उरलेल्या दोन शेऱ्यांपासून सुरू करू. सावकाश." त्या दोन ठिकाणी मशीन बंद पडली असती. उरलेले एकवीस मी संध्याकाळपर्यंत निमूटपणे दुरुस्त केले. पुढची आठ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढली. मला जे काही येतं ते त्या आठ वर्षांतलं आहे, आणि अजूनही एखादा कोड वाचताना माझ्या तोंडून "आणि मग?" निघतं, तेव्हा आत कुठेतरी दुखतं. मला ते दिवस फार आठवतात. प्रिंटरमध्ये एका वेळी दोन कागद अडकायचे आणि सावकाश ते अडकलेले कागद सोडवतानासुद्धा वाचत असायचे.

बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःचं म्हणावं असं एकच काम केलं, ते टनेलचं. बाकीचं आयुष्य दुसऱ्यांचं वाचण्यात गेलं. लग्न नाही, घर बहिणीचं. जगात त्यांच्या नावावर काही असेल तर त्या साडेसहाशे ओळी. कित्येक वर्षं त्यात कोणाला चूक सापडली नव्हती आणि ते हे कधी बोलून दाखवत नसले, तरी विषय निघाला की त्यांचे कान लाल व्हायचे. सहा वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि कंपनीने दुसऱ्याच दिवशी त्यांचा मेलचा पत्ता बंद केला. त्यामुळे या पॅचची त्यांना गेलेली प्रत तशीच परत आली होती. त्यांना काही माहीत नव्हतं. शुक्रवारपर्यंत कोणी हरकत घेतली नाही, तर या भागाचा मेंटेनर, म्हणजे ज्याचा शब्द शेवटचा, तो पॅच आत घेणार होता. त्यानंतर सावकाशांच्या एकुलत्या एका कामाखाली कायमचं लिहिलेलं राहिलं असतं, की चूक इथून शिरली.

मी म्हटलं, असं कसं शिरली? आणि जुना इतिहास उपसायला बसले.

आधी दुरुस्तीच कच्ची निघाली. त्याने टायमरला सांगितलं होतं, लिहिण्याआधी बघ, टनेल बंद झालंय का. पण ते बघायला टायमरला त्याच खोलीत शिरावं लागत होतं! खोली दुसऱ्याची झाली, तर बघितलेलं उत्तरही दुसऱ्याचंच. मग मी सावकाशांचा मूळ कोड काढला. तिथे टनेल बंद करताना स्वच्छ लिहिलेलं होतं, की टायमर थांबव, आणि तो कामाच्या मध्यात असेल तर त्याचं होईपर्यंत वाट पाहा, मगच जागा मोकळी कर. वाट पाहण्याची एक अख्खी ओळ. मी एकटीच टाळी वाजवली. शेजारच्याने कानातला हेडफोन काढून माझ्याकडे बघितलं.

मग ती ओळ काढली कोणी? आज तर ती कुठेच नव्हती. मी त्या माणसाला मनातल्या मनात दोन-चार शेलक्या शिव्याही देऊन ठेवल्या. कॉम्प्युटरला दिलेल्या एका आज्ञेत उत्तर समोर आलं. चौदा वर्षांपूर्वीचा बदल. शीर्षक, टनेल बंद करण्याचा वेग वाढवणे. लेखक मी.

तो बदल मी विसरणं शक्यच नव्हतं, कारण आयुष्यभर मी तोच मिरवत आले होते. हजार टनेलं एकदम बंद करायला तेव्हा दहा-बारा सेकंद लागायचे, माझ्या बदलाने एकही लागेना. पण मिरवायची गोष्ट ती नव्हती. "सावकाशांनी माझा पॅच अर्ध्या दिवसात पास केला होता," हे मी कँटीनमध्ये सांगितलंय, मुलाखतींत सांगितलंय, नवऱ्याला तर लग्नाआधी सांगितलंय. अर्ध्या दिवसात! त्यांच्याकडचा असा विक्रम दुसऱ्या कोणाच्या नावावर नव्हता.

आता वेळा समोर होत्या. माझा शेवटचा मेल साडेबाराचा. त्यांची सही एक वाजून दहा मिनिटांची. अर्धा दिवस कसला, चाळीस मिनिटं, आणि त्यातली वीस त्यांच्या डब्याची. मग मी तारीख वाचली.

त्या दिवशी पावणेएकला धाकट्या भावाचा फोन आला होता, आईचं काही खरं नाही, नीघ. दोनची बस होती, त्यानंतरची थेट सहाची. आणि मी, गाढव, बॅग खांद्याला लावून सावकाशांच्या टेबलाशी उभी राहिले होते, की पॅच घ्यायची मुदत आज संपतेय, आज गेला नाही तर तीन महिने लटकेल, तुम्ही वाचा, मी प्रश्नांची उत्तरं देते आणि सहाच्या बसने जाते. आईला आधीही दोनदा असं झालं होतं आणि दोन्ही वेळा ती उठून बसली होती, म्हणून माझा हा शहाणपणा. सावकाशांनी एकदा घड्याळाकडे बघितलं होतं, एकदा माझ्याकडे. मग माझ्यासमोर सही टाकली होती. "झाली. नीघ आता." ते न वाचता सही करतील हे माझ्या स्वप्नातही आलं नसतं. मी समजले, सकाळपासूनच्या मसुद्यांवर त्यांचं लक्ष असेल, पॅचच तसा चोख असेल. पुढे ती गोष्ट सांगताना मी बॅग गाळायला लागले, फोन गाळायला लागले. कधीपासून, ते मलाही आठवत नाही.

गुरुवारी मी रजा टाकली आणि दोन कागद छापून त्यांच्या घरी गेले.

दार ताईंनी उघडलं, त्यांच्या थोरल्या बहिणीने. "ये गं बाई, तुझंच ऐकेल. स्वयंपाकघरातला नळ तीन आठवडे गळतोय. माणूस बोलवू म्हटलं तर हा म्हणतो, थांब, आधी मला कळू दे का गळतोय. नळाखाली पाट टाकून बसतो आणि वहीत लिहितो." आतून आवाज आला, "वायसर नाहीये ताई, मी सांगितलंय तुला." ताईंनी कपाळाला हात लावला आणि चहा टाकायला गेल्या.

ते खिडकीशी बसले होते. केस पार पांढरे झालेले, शर्ट मात्र तोच असावा. मी पहिला कागद पुढे ठेवला. "सर, तुमच्या टनेलला कोणीतरी बोल लावलाय."

त्यांनी पट्टी घेतली. सात ओळी आणि वरचं पानभर पत्र, पाऊण तास. मी वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचून संपवल्या. शेवटच्या ओळीशी पट्टी जरा थांबली, कान लाल झाले. "माणूस भला आहे," ते म्हणाले. "मेहनत केलीय त्याने. चुकलाय, पण भला आहे. मी वाट पाहायची ओळ घातली होती असं मला आठवतंय. की नव्हती घातली?"

त्यांच्या आवाजात स्वतःबद्दलची शंका ऐकली आणि मला राहवेना. "घातली होती सर. मी काढली." मी दुसरा कागद दिला. "हा माझा बदल."

तो कागद त्यांनी वरून वाचलाच नाही. थेट तळाशी बघितलं, जिथे त्यांचं नाव होतं.

"हा मी वाचला नव्हता," ते म्हणाले.

मला वाटलं होतं, मी समजूतदारपणे मान हलवेन. कसली हलवते. "वाचला नव्हता म्हणजे? तुम्ही? मला तेवीस शेरे मारणारे तुम्ही? अहो, मी चौदा वर्षं गावभर सांगत फिरतेय!"

"माहीत आहे. कँटीनमध्ये माझ्या मागच्याच टेबलावर सांगायचीस."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला बरं वाटायचं ते सांगताना."

"निदान नंतर तरी वाचायचा होतात. मी आले होते की परत पंधरा दिवसांनी."

त्यांनी कागदाची घडी घातली, परत उलगडली. "रोज म्हणायचो, आज काढू. एकदा छापलाही होता. पण त्यात काही सापडलं असतं, तर तुला सांगावं लागलं असतं, की मी तेव्हा तुला फक्त बसमध्ये बसवण्यासाठी सही केली. आई नुकती गेलेली तुझी. मला नाही जमलं. मग दिवस गेले, आणि कोणाची तक्रार आली नाही, आणि मी सोयीने विसरलो." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तुझी घाई होती, वयच होतं तसं. माझं काम तुला अडवायचं होतं. या माणसाच्या मशीन महिनाभर पडल्या त्या माझ्यामुळे."

मी म्हटलं, मी सगळं ठरवून आलेय. मेल मी लिहिते. बोल लागायचा तो माझ्या बदलाला लागेल, तुमचं टनेल सुटेल. तुमची सही तिथे आहे ती राहू दे, चुका नजरेतून सुटतात, कोणी विचारत नाही. आणि दुरुस्ती सोपी आहे, वाट पाहायची ओळ होती तिथे परत घालायची.

"होती तिथे?" ते म्हणाले. "आजचा कोड दाखव."

तो मी छापून आणला नव्हता. ताईंच्या लॅपटॉपवर काढून दिला, तर ते वहीत हाताने उतरवून घ्यायला लागले. पूर्वी असतं तर मी तीनदा घड्याळ बघितलं असतं. त्या दिवशी मी गप्प बसून होते. ताईंनी जेवायला वाढलं, जेवलो, ते परत वहीशी बसले. चार वाजता पट्टी एका ओळीवर थांबली. "आणि मग? हे बघ. मधल्या काळात इथे कोणीतरी कुलूप घातलंय, एका वेळी एकानेच आत शिरावं म्हणून. तू कुलूप हातात धरून टायमरची वाट पाहणार, आणि टायमरला काम संपवायला तेच कुलूप हवंय. दोघं एकमेकांची वाट बघत जन्मभर बसतील. कुलूप सोड, मग वाट पाहा. दोन ओळी खाली."

मी ती ओळ होती तिथेच घातली असती, आणि घाईत कोणीतरी सहीही दिली असती.

मग मी माझा मेल लिहिला. चूक माझ्या बदलातली, मूळ कोड बरोबर होता, दुरुस्ती अशी करा. त्या अनोळखी माणसाचे आभारही मानले, जे मी सहसा मानत नाही. तो पाठवून झाल्यावर सावकाशांनी लॅपटॉप आपल्याकडे ओढला. ताईंनी त्यांना एक मेलचा पत्ता काढून दिला होता, विजेची बिलं यायची त्यावर. एका बोटाने ते लिहायला लागले. मी मागून वाचत होते. 'वरच्या बदलाखाली माझं नाव आहे. तो मी त्या वेळी वाचला नव्हता, न वाचता नाव दिलं होतं. आज सुचवलेली दुरुस्ती मी वाचली आहे.' आणि खाली सही.

"सर, हे कशाला?" मी म्हणाले. "बत्तीस वर्षांत एकदा. तेवढंच लोकांच्या लक्षात राहील."

ताईही पदराला हात पुसत आल्या होत्या. "खरंच रे, जगाला कशाला सांगायचं?"

"जगाला नाही गं," ते म्हणाले. "जे माझी सही बघून पुढे वाचायचं थांबले, त्यांना."

त्यांनी मेल पुन्हा एकदा वाचला, पट्टी नव्हती म्हणून बोटाने. पाठवायच्या बटणाशी येऊन थांबले. मला वाटलं, विचार बदलला.

"तुला एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "तेव्हाच विचारायला हवं होतं, पण माझं हे असं. त्या दिवशी पोचलीस का गं वेळेत?"

आठ वर्षं आम्ही शेजारी बसलो होतो आणि हे त्यांनी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं.

"पोचले सर," मी म्हणाले. "पाचला पोचले. शुद्धीवर होती. दीड तास बोलत होती माझ्याशी, नंतर नाही बोलली." सहाच्या बसचं मला बोलायचं होतं, पण रडू आलं. ताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"दीड तास," सावकाश म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बरं झालं," ते म्हणाले आणि त्यांनी मेल पाठवून दिला.